साहेब रागावले तर?

सकाळी ७.३०. एडिसनमधल्या इमिग्रेशन वकिलांकडे मी पॅरालीगल आहे. ऑफिस उघडायच्या आधीच साताऱ्याहून काकूंचा फोन. त्यांच्याकडे ग्रीनकार्ड आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे नऊ महिने तिकडेच राहिल्या, आता उद्या नेवार्कला उतरणार. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं की जादा चौकशी होऊ शकते.

"हॉस्पिटलची फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. आणि आय-४०७ फॉर्म पुढे केला, तर सही करू नका. ती सही म्हणजे आपण होऊन ग्रीनकार्ड सोडणं. 'मला इमिग्रेशन जजपुढे जायचंय' म्हणा. तो तुमचा हक्क आहे."

"अहो, पण साहेब रागावले तर?"

"रागावू देत. त्यांच्या रागानं कार्ड जात नाही, तुमच्या सहीनं जातं."

विमानतळावरच्या चौकशीच्या खोलीत वकिलाला सहसा येऊ देत नाहीत, म्हणून वाक्य घोकून घेतलं.

१०.००. हॉटेलात काम करणाऱ्या एकाला पहाटे आइसवाल्यांनी, म्हणजे इमिग्रेशन पोलिसांनी, उचललं. बायकोकडे त्याचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनचा नोंदणी क्रमांक, नाही. मग ऑनलाइन शोध नावावर आणि जन्मदेशावर, आणि स्पेलिंग तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे, कधी आडनावाला चिकटलेलं. तासभर उलटसुलट करून सापडला. वकिलातीला कळवा, असं तो सांगू शकतो. तेही बायकोला सांगितलं.

१.३०. आमच्या वकील मॅडम नेवार्कच्या इमिग्रेशन कोर्टात. इथे वकील देता येतो, पण स्वखर्चानं. सरकार देत नाही. अमेरिकन सिनेमे पाहिलेल्यांना हे खरंच वाटत नाही.

दुपारभर फॉर्म.

७.००. मंदिराच्या हॉलमध्ये माहितीसत्र. वॉरंटचे दोन नमुने फिरवले. आय-२०० वॉरंटवर इमिग्रेशन अधिकाऱ्याची सही. तेवढ्यावर तुमच्या संमतीशिवाय घरात शिरता येत नाही. दुसऱ्यावर कोर्टाचं नाव आणि जजची सही. "कागद दाराखालून सरकवायला सांगा, आधी सही बघा."

एच-वन-बीवाला एक तरुण म्हणाला, "लपवायचं काही नसेल, तर बोलायला काय हरकत?" मी सांगितलं, गप्प राहणं चालतं, खोटं बोलणं चालत नाही. 'मी सिटिझन आहे' अशी खोटी थाप तर जन्माची आडवी येते. पण अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसानं आपली नोंदणीची कागदपत्रं जवळ बाळगायलाच हवीत, हा कायदा आहे. ती घरी कपाटात ठेवू नका.

मागून एक आजी म्हणाल्या, "बाहेरच उभं करायचं? पाणी तरी विचारायला नको?"

"आजी, पाणी द्यायला दार उघडावं लागतं."



त्यांना ते काही पटलं नाही.