फर्निचर, लाकडी : निगा व सफाई

घरातील खुर्च्या, टेबले, पलंग, कपाटे इ. लाकडी वस्तूंची धूळ काढणे, त्यांच्या पृष्ठावरील लेपाचे रक्षण करणे आणि ओलावा, ऊन व कीड यांपासून त्यांना जपणे, या बाबींचा निगेत समावेश होतो. लाकूड सुकवून वस्तू तयार झाल्यानंतरही ते दमट हवेत बाष्प शोषून फुगते व कोरड्या हवेत ते सोडून आकसते. ही हालचाल तंतूंच्या दिशेने नगण्य, तर आडव्या दिशेने बरीच असते. पावसाळ्यात कपाटाचे खण अडकणे आणि उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फटी पडणे, ही तिचीच लक्षणे होत. पॉलिशाचा लेप बाष्पाची ये-जा मंद करतो. ती पूर्णपणे थांबवीत नाही. नित्याची सफाई ही वस्तुतः लाकडाची नसून या लेपाची असते. ती चुकीच्या रीतीने केल्यास दुर्लक्षापेक्षाही अधिक हानी होऊ शकते.

धूळ काढणे : धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात व ते लेपापेक्षा कठीण असतात. कोरड्या, खरखरीत फडक्याने जोराने पुसल्यास या कणांमुळे बारीक ओरखडे उमटून चकाकी जाते. पिसांच्या झाडण्याने धूळ केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. म्हणून मऊ सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळावे व लाकडाच्या रेषांच्या दिशेने, वरून खाली पुसावे. लगेच कोरड्या कापडाने ओल टिपून घ्यावी. कोरीव भागासाठी मऊ कुंचला वापरतात. स्वयंपाकघरातील तेलकट थर सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने निघतो. धुण्याचा सोडा मात्र वापरू नये.

लेप व डाग : जुन्या फर्निचरवर बहुधा स्पिरिटात विरघळविलेल्या लाखेचे पॉलिश असते. ते स्पिरिटाने विरघळते आणि गरम भांड्याने वा पाण्याने त्यावर पांढरट डाग पडतो. असा डाग लेपातच असतो. काळा डाग पडल्यास ओल लाकडापर्यंत पोहोचली असण्याचा संभव असतो. पॉलियुरेथेनाचा लेप पाण्यास अधिक टिकतो, परंतु तो खराब झाल्यास दुरुस्ती कठीण जाते. लाखेचा लेप मात्र त्यावर पुन्हा हात देऊन सुधारता येतो.

तेलाने लाकडाचे ‘पोषण’ होते, हा समज निराधार आहे. खोबरेल तेल सुकत नाही. ते पृष्ठावर राहून धूळ धरते. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून सुकते, पण या क्रियेत उष्णता निर्माण होते. त्याने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात वर्षातून एकदोनदा दिला, तर पुरतो.

ओल व कीड : फरशी पुसताना पायांच्या तळाशी पाणी साचते. तेथील तंतूंची टोके उघडी असल्याने ती पाणी त्वरेने शोषतात व पाय तळापासून कुजू लागतात. यास्तव तळावरही लेप द्यावा किंवा रबरी टोपणे बसवावीत. पावसाळ्यात कपाट ओलसर भिंतीपासून थोडे दूर ठेवावे. लाकडाच्या भुशाचे फलक पाण्याने फुगल्यावर पूर्ववत होत नाहीत. सागाच्या गाभ्याचे लाकूड किडीस चांगला प्रतिकार करते. त्याच्या बाहेरील फिकट भागाला व मऊ लाकडांना मात्र कीड लागते. बारीक गोल छिद्रे आणि खाली पडलेली ताजी पूड दिसल्यास भुंगेऱ्यांचा, तर मातीच्या नळ्या दिसल्यास वाळवीचा उपद्रव आहे असे समजावे. अशा वेळी ती वस्तू इतरांपासून अलग करून उपाय योजावा. केवळ छिद्रे बुजवून पॉलिश केल्यास आतील अळ्या लाकूड पोखरीतच राहतात.