गरज खरी, अक्कल अपुरी

मे 2025मध्ये परेश रावल यांनी ‘हेरा फेरी 3’मधून अंग काढून घेतलं आणि अजून न बनलेल्या चित्रपटावरून देशभर गदारोळ उठला. अक्षय कुमार यांच्या निर्मितिसंस्थेनं 25 कोटी रुपयांच्या भरपाईची नोटीस धाडली. रावल यांनी घेतलेली 11 लाखांची आगाऊ रक्कम व्याजासह परत केली. वकिलांचं वकिलांपाशी चालू राहिलं, पण चाहत्यांनी आपला निकाल तोवर देऊनही टाकला होता: रावल यांचा बाबूराव नसेल तर तिसरा भाग नको. जून संपता संपता रावल परतले.

ज्या चित्रपटासाठी हे रामायण घडलं, तो 31 मार्च 2000 रोजी प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याची फारशी कुणी दखल घेतली नव्हती. प्रियदर्शन यांचा हा ‘हेरा फेरी’ तोंडोतोंडी प्रसिद्धीनं हळूहळू चढला आणि खरा घरोघरी पोचला तो नंतर, टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागल्यामुळे. एका फसलेल्या खंडणीची ही गोष्ट प्रेक्षकांनी एवढी जवळ का केली, हे समजून घ्यायला रायपूर ही चांगली जागा आहे.

त्याला कारण चित्रपटधंद्याचा नकाशा. हिंदी चित्रपटांचे वितरक देशाची जी विभागणी करतात, तिच्यात आजही ‘सी. पी. बेरार’ नावाचं एक सर्किट आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा इंग्रजी अमलातला प्रांत 1950मध्ये मध्य प्रदेश झाला, 1956मध्ये विदर्भ त्यातून बाहेर पडला, 2000मध्ये छत्तीसगडही वेगळं झालं. वितरकांच्या वहीत मात्र नागपूर, अमरावती, रायपूर, बिलासपूर अजून एकाच पानावर आहेत. या सर्किटचा कारभार बराच काळ अमरावती आणि भुसावळच्या कचेऱ्यांतून चालला. म्हणजे रायपूरच्या प्रेक्षकानं एखाद्या चित्रपटाला दिलेला कौल वऱ्हाडातल्या कौलात मिसळूनच मुंबईला पोचतो. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतली किंवा चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात जमणारी मराठी कुटुंबं नकाशावर परराज्यात असली, तरी तिकीटबारीच्या हिशेबात ती विदर्भाचीच भाऊबंद ठरतात.

‘हेरा फेरी’ लागला तेव्हा तर रायपूर मध्य प्रदेशातच होतं. सात महिन्यांनी, 1 नोव्हेंबर 2000 रोजी, ते नव्या राज्याची राजधानी झालं. त्याच्या पाचच दिवस आधी सतीश जैन यांचा ‘मोर छइयां भुइयां’ हा छत्तीसगडी चित्रपट आला आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या प्रेक्षकांनी रायपूरचं बाबूलाल टॉकीज भरून टाकलं. त्या वर्षी शहराला आपल्या बोलीचा चित्रपट मिळाला आणि आपल्यासारख्याच कडकी लागलेल्या माणसांचा विनोदही.

‘हेरा फेरी’चं कथानक तसं साधं आहे. कर्जात बुडालेला गॅरेजमालक बाबूराव गणपतराव आपटे, त्याचे दोन भाडेकरू राजू आणि श्याम. टेलिफोन डिरेक्टरीत ‘स्टार गॅरेज’ आणि ‘स्टार फिशरीज’ यांच्या क्रमांकांची अदलाबदल होते आणि एका श्रीमंताच्या नातीला पळवणाऱ्या कबीराचा फोन भलत्याच घरी खणखणतो. राजूच्या डोक्यात कल्पना येते: आपण मधले दलाल व्हायचं, आजोबांकडून दुप्पट रक्कम मागायची, निम्मी कबीराला द्यायची आणि उरलेली वाटून घ्यायची. यापुढे जे जे ठरवतात ते ते बिघडतं.

या रचनेत एक हुशारी आहे. मुलीला पळवण्याचं पाप नायकांच्या माथी येतच नाही. ते करतात ती लबाडी, आणि तीही पोट भरण्यासाठी. श्याम आपल्या वडिलांच्या जागी बँकेत नोकरी मिळावी म्हणून खेटे घालतोय, राजूला आईसमोर यशस्वी असल्याचं सोंग आणायचंय, बाबूरावाच्या दाराशी देणेकरी उभे आहेत. पहिला जवळजवळ अर्धा चित्रपट प्रियदर्शन अपहरणाकडे वळतच नाहीत. ते फक्त या तिघांची टंचाई दाखवत राहतात. तेवढा वेळ घेतल्यामुळेच पुढचा गोंधळ प्रेक्षकाला परका वाटत नाही. पैशाची गरज खरी आणि गुन्ह्याची अक्कल अपुरी, एवढ्या भांडवलावर हा चित्रपट उभा आहे.

हे भांडवल मूळचं केरळचं. सिद्दीक-लाल या जोडीनं 1989मध्ये ‘रामजी राव स्पीकिंग’ या मल्याळम चित्रपटानं दिग्दर्शनात पाऊल टाकलं. ‘हेरा फेरी’ हा त्याचाच हिंदी अवतार. त्याच्याही मागे गेलं तर चुकीच्या क्रमांकावर आलेल्या खंडणीच्या फोनची कल्पना 1971च्या ‘सी द मॅन रन’ या अमेरिकन टीव्हीपटात सापडते. आणि फसलेल्या अपहरणाच्या विनोदाचं मूळ शोधायचं तर ओ. हेन्री यांच्या 1907च्या ‘द रॅन्सम ऑफ रेड चीफ’ या कथेपर्यंत जावं लागतं. तिथे पळवून आणलेला पोरगाच इतका उच्छाद मांडतो की त्याला परत घेण्याबद्दल अपहरणकर्त्यांनाच त्याच्या बापाला पैसे मोजावे लागतात.

ओ. हेन्रींनंतर या प्रकारात मोजक्याच वाटा तयार झाल्या. एकीत निरोप भलत्याला पोचतो, जसा ‘रामजी राव’मध्ये. दुसरीत ओलिसाची किंमतच शून्य निघते: सुभाष कपूर यांच्या ‘फस गए रे ओबामा’त (2010) उत्तर प्रदेशातल्या टोळ्या एका अनिवासी भारतीयाला पळवतात आणि मंदीनं तोच कफल्लक झाल्याचं त्यांना कळतं. मग एक टोळी त्याला दुसरीला विकते, दुसरी तिसरीला. तमिळ ‘सूदु कव्वुम’मध्ये (2013) विजय सेतुपती अपहरणाचे नियम आखून हा धंदा करतो आणि त्याचेच नियम त्याला गोत्यात आणतात. चौथी वाट प्रेमाची, आणि ती मराठीनं 1987मध्येच चोखाळली.

सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘गंमत जंमत’ हा तो चित्रपट. गौतम आणि फाल्गुन हे दोन अडचणीतले मित्र, म्हणजे स्वतः सचिन आणि अशोक सराफ, पैशासाठी श्रीमंत घरातल्या काजलला पळवतात, आणि मग त्यात प्रेम शिरतं. वर्षा उसगांवकर यांचं मराठी पडद्यावरचं पदार्पण याच चित्रपटातलं. चारुशीला साबळे आणि अशोक सराफ यांच्यावर चित्रित झालेलं त्यातलं गाणं किशोरकुमार यांनी गायलं, तेही मराठीत. संगीत अरुण पौडवाल यांचं. किशोरकुमार खंडव्याचे, म्हणजे तेही जुन्या मध्यप्रांतातले. ऑक्टोबर 1987मध्ये ते गेले. ‘गंमत जंमत’ला पस्तिशी उलटून गेली, तरी मराठी माणूस त्याचं नाव घेतो ते बहुधा या गाण्यापासूनच.

‘हेरा फेरी’बद्दल मराठी प्रेक्षकांचं मत मात्र एकमुखी नाही, आणि असण्याचं कारणही नाही. हिंदी चित्रपटानं मराठी माणसाला वर्षानुवर्षं हवालदार, शिपाई किंवा मोलकरीण यापलीकडे जाऊ दिलं नव्हतं. धोतर, बंडी, जाड भिंगांचा चष्मा आणि हेलकावे खाणारी हिंदी घेऊन आलेला आपटे त्याच साच्यातला आहे, ही तक्रार रास्त आहे. गुजराती नटानं मराठी उच्चारांची टिंगल करावी, हे काहींना आजही खटकतं. दुसरी बाजूही तेवढीच पक्की आहे. तिघांत घर फक्त बाबूरावाच्या मालकीचं आहे, बाकीचे दोघे त्याच्या छपराखाली भाड्यानं राहतात आणि भाडं थकवतात. वेळप्रसंगी तो त्यांच्यावर खेकसतो, घाबरतो, पण त्यांना घराबाहेर काढत नाही. रावल यांना या भूमिकेसाठी विनोदी अभिनयाचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं.

रायपूरसारख्या शहरातल्या मराठी घराला तर या वादाचा आणखी एक पदर आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगडी असा दिवस काढणाऱ्यांना भाषांच्या सरमिसळीचं अप्रूप नसतं. पुण्या-मुंबईत जे उच्चार व्यंग म्हणून ऐकले जातात, ते इथे रोजच्या बोलण्याचा भाग आहेत.

शिवाय चोराला हसण्याची आणि हसता हसता त्याची बाजू घेण्याची सवय या मातीला जुनी आहे. छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यात रात्रभर चालणाऱ्या प्रसंगांचा सगळा भार जोक्कडांवर, म्हणजे विदूषकांवर असतो. सावकार, पोलीस, पाटील यांच्यासमोर ते मूर्खासारखे वागतात आणि त्या मूर्खपणातच समोरच्याचं पितळ उघडं पाडतात. तमाशातल्या सोंगाड्याचा हा सख्खा भाऊ. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ दुलारसिंग मंदराजी यांनी 1920च्या दशकात या कलाकारांना एकत्र आणून मंडळी उभी केली. रायपूरचेच हबीब तन्वीर 1958मध्ये घरी आले असताना रात्रभर नाचा पाहत बसले आणि मदनलाल, ठाकूर राम, लालू राम अशा सहा कलाकारांना दिल्लीला घेऊन गेले. पुढे त्यांच्या ‘नया थिएटर’नं 1975मध्ये ‘चरणदास चोर’ उभं केलं. त्यातला चोर खरं बोलण्याचं व्रत घेतो, आणि राज्य चालवणाऱ्यांना चोरीपेक्षा त्याचं खरं बोलणंच जड जातं. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी यावर चित्रपटही केला. चोर होते लालू राम, आणि स्मिता पाटील यांचं पडद्यावरचं पदार्पणही त्याच चित्रपटातलं.

तरीही छत्तीसगडात अपहरण ही नुसती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. 21 एप्रिल 2012 रोजी सुकम्याचे तरुण जिल्हाधिकारी अॅलेक्स पॉल मेनन यांना माओवाद्यांनी एका गावातल्या कार्यक्रमातून पळवून नेलं. त्यांचे दोन अंगरक्षक जागीच मारले गेले. मध्यस्थांच्या वाटाघाटी रायपुरात झाल्या आणि 3 मे रोजी मेनन सुटले. ज्या शहरानं ते दिवस बातम्यांना कान लावून काढले, तिथे अपहरणाचा विनोद काही अटींवरच चालतो. ओलिसाच्या जिवाला धोका वाटता कामा नये, पळवणारे गरीब आणि बावळट हवेत, खरा दुष्ट वेगळा हवा आणि शेवटी पैसा वाममार्गानं पचता कामा नये. ‘हेरा फेरी’ आणि ‘गंमत जंमत’ या अटी पाळतात. रक्तपाताला विनोदाची फोडणी देणारे नंतरचे बरेच चित्रपट पाळत नाहीत, म्हणून ते एकदा पाहिले जातात आणि विसरले जातात.

जून 2006मध्ये नीरज व्होरा यांच्या दिग्दर्शनाखाली ‘फिर हेरा फेरी’ आला, तेव्हापासून चाहत्यांत एक भांडण कायम आहे: पहिला भाग सरस की दुसरा? दुसऱ्यात विनोदांचा मारा जास्त, धावपळ जास्त, त्याचे तुकडे मोबाइलवर अधिक फिरतात. काही दिवसांत पैसे दुप्पट करून देणारा चिटफंड हे त्याचं बीज. छत्तीसगडात ते बीज लोकांनी प्रत्यक्ष भोगलं. चिटफंड कंपन्यांत असंख्य कुटुंबांची बचत बुडाली आणि 2018च्या विधानसभा निवडणुकीत ते पैसे परत मिळवून देण्याचं आश्वासन जाहीरनाम्यात आलं. त्या अर्थानं दुसरा भाग रायपूरला पहिल्याहून जवळचा वाटायला हवा. पण त्यात तिघेही सुरुवातीलाच श्रीमंत आहेत आणि आणखी हाव धरतात. गरजेची जागा हावेनं घेतली की त्यांच्या फजितीवर हसू येतं, त्यांच्याबद्दल काळजी वाटत नाही. म्हणून तुकड्यातुकड्यानं पाहायला दुसरा चांगला, आणि अखंड पाहायला पहिलाच.

तिसऱ्या भागापुढची अडचण यातच आहे. हल्ली फोन आला की पडद्यावर नाव उमटतं, डिरेक्टरी कुणी उघडत नाही, त्यामुळे क्रमांकांची ती अदलाबदल पुन्हा करता येणार नाही. लेखकांना नवा घोळ शोधावा लागेल, आणि त्याआधी तिघांना पुन्हा एकदा खरंखुरं कंगाल करावं लागेल. तिसरा भाग येईपर्यंत एखाद्या रविवारी ‘गंमत जंमत’ आणि ‘हेरा फेरी’ लागोपाठ पाहावेत, आधी मराठी आणि मग हिंदी. दोन्हींमध्ये तेरा वर्षांचं अंतर आहे, आणि सराफांचा फाल्गुन बाबूरावापुढे कुठेही उणा पडत नाही.