काम नसताना काढलेली गाडी

आज बचत नाही, कर्ज नाही, लोणच्याची ऑर्डर नाही. आज आपण गाडीवर बोलणार आहोत. आणि तेही कामाला जाणाऱ्या गाडीवर नाही, फिरायला जाणाऱ्या गाडीवर. घरात सासूबाई, जाऊबाई असतील तर त्यांनाही बोलवा ऐकायला, कारण त्यांचाही विषय पुढे येणार आहे.

आमचं गाव वाई तालुक्यात, भुईंजच्या बाजूला. गटात आम्ही तेरा जणी. गेल्या काही वर्षांत गटाच्या अंतर्गत कर्जातून आमच्याकडे सहा स्कूटी आल्या. चार जुन्या, दोन नव्या. (कंपनी कुठलीही असो, आपण सगळ्या स्कूटीच म्हणतो.) गाडी दारात आली तेव्हा प्रत्येक घरात पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून डेअरीचं दूध, गिरणीचं दळण, पोरांची शाळा, सासऱ्यांचा दवाखाना, सगळं त्या गाडीवर आलं. गाडी बाईची, हप्ते बाईचे, फेऱ्या घराच्या. यात काही वाईट आहे असं नाही. पण एका बैठकीत आम्ही सहज विचारलं, की गाडी घेतल्यापासून काही काम नसताना, नुसती मनात आलं म्हणून कोण कुठे गेली? सगळ्या गप्प. मग आमच्यातली डेअरीवाली वहिनी हळूच म्हणाली, "मी एकदा बाजारातून येताना नदीच्या पुलावर थांबले होते पाच-दहा मिनिटं. घरी सांगितलं, पंपावर गर्दी होती."

पाच मिनिटं नदी बघितली आणि त्यासाठी खोटं बोलावं लागलं. आम्ही आधी हसलो, मग कुणीच हसेना. त्याच बैठकीत ठरलं, की एक रविवार धरून सगळ्यांनी मिळून जायचं. देवाला नाही, लग्नाला नाही, प्रशिक्षणाला नाही. हळूहळू, बघत बघत, मैत्रिणींबरोबर.

आता घरच्यांना काय सांगायचं? "पेट्रोल जाळायला पैसं लै झाल्यात व्हय?" हे बहुतेक घरांतून ऐकू आलं. म्हणून आम्ही हिशेबच मांडला. मेणवली आणि धोम करून परत, म्हणजे जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर. स्कूटीला एक लिटर पुरतं, आणि मागे मैत्रीण बसली तर खर्च निम्मा. पानटपरीवर घरचा गडी आठवड्याला किती घालवतो ते आम्ही विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही.

पहिल्यांदा आम्ही पाच गाड्यांवर नऊजणी गेलो. मेणवली वाईपासून तीनएक किलोमीटर. इतक्या जवळ राहून आमच्यातल्या चौघींनी नाना फडणवीसांचा वाडा बघितला नव्हता. वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, काळ्या दगडाचा, आणि तिथे एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. कृष्णेकाठच्या घंटेवर मेरी कशी? १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यातली ही एक. आमच्या मावशीबाई किती वेळ घंटेखाली मान वर करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "लेकरू कडेवर घेतलंय की हिनंबी."

पुढे धोमला धरणाच्या अलीकडे गावात महादेवाचं देऊळ आहे, समोर कासवाच्या पाठीवर बसवलेला दगडी नंदी. तिथे बसून भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी खाल्ली. कुणालाच वाढायचं नव्हतं, कुणाचं झालं का ते बघायचं नव्हतं. एवढंच, पण ते फार मोठं वाटलं.

आणि परत येताना आमची एक मैत्रीण पडली.

हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्यातूनच आम्ही सगळ्यात जास्त शिकलो. ती दोन महिन्यांपूर्वीच गाडी शिकलेली. आम्ही तिला सगळ्यात मागे ठेवलं होतं, का तर तिने आरामात यावं. चूक आमची. पाच गाड्या एकामागे एक चालतात तेव्हा पुढचीने थोडा वेग वाढवला की मधलं अंतर वाढतं, आणि शेवटच्या गाडीला ते भरून काढायला सगळ्यांपेक्षा जोरात यावं लागतं. म्हणजे आरामासाठी मागे ठेवलेली बाईच सगळ्यात घाईत असते. तिनेही तेच केलं. वळणावर बारीक खडी पसरलेली होती, तिने घाबरून उजव्या हाताचा ब्रेक एकदम दाबला, पुढचं चाक सरकलं, गाडी आडवी.

उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा, डाव्या हाताचा मागच्या चाकाचा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोड-ब्रेक आले. त्यात डावा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचंही चाक थोडं धरलं जातं. पण आपण जुन्या बाजारातून घेतलेल्या त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना ते नसतं. तिची गाडी तशीच होती. म्हणून जुनी गाडी घेताना नुसतं रंग आणि सीट बघू नका, ब्रेक कुठले आहेत ते विचारा. सपाट, कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबायचे. खडी, वाळू, चिखल, पहिल्या पावसाचा ओला रस्ता किंवा उसाच्या ट्रॅक्टरने टाकलेली माती दिसली, की वेग आधीच कमी करायचा, त्या खडीवर गेल्यावर नाही. आणि नुसता उजवा ब्रेक तर दाबायचाच नाही.

गुडघा सोलला, कोपर खरचटलं, बाकी काही नाही. डोकं आपटलं होतं, पण हेल्मेट होतं. हेल्मेटला हा एवढा ओरखडा. खरं सांगायचं तर त्या दिवशी मागे बसलेल्यांपैकी दोघींनी हेल्मेट घातलं नव्हतं, "केस चेपतात" म्हणून. कायद्याने चालवणारी आणि मागे बसणारी, दोघींनाही ते लागतं. आता आमच्याकडे गटाच्या पैशातून घेतलेली चार हेल्मेट आहेत, आयएसआय शिक्क्याची, कुणालाही नेता येतात. हनुवटीखालचा पट्टा लावला नाही तर ते हेल्मेट नाही, पातेलं आहे.

तेव्हापासून आमची रांग बदलली. सगळ्यात नवखी बाई दुसऱ्या नंबरवर, म्हणजे पुढची तिला आरशात बघून वेग ठेवते. सगळ्यात अनुभवी शेवटी. पुढच्या गाडीच्या अगदी मागे चालायचं नाही, ती एखाद्या झाडाजवळून गेली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं आणि त्यानंतर आपण त्या झाडाशी पोचलो पाहिजे. ओल्या रस्त्यावर याच्या दुप्पट. फाट्यावर वळायचं असेल तर प्रत्येकीने मागची दिसेपर्यंत थांबायचं. त्यामुळे कुणी चुकत नाही आणि कुणी घाईतही येत नाही. शेजारी शेजारी गाड्या घालून गप्पा मारायच्या नाहीत. ही मोडायला सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आम्हाला माहीत आहे. म्हणून आम्ही दर दहा किलोमीटरला थांबतो. गप्पांसाठीच तर निघालेलो असतो.

पदराचं आणि ओढणीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साडी नेसून चालवायला हरकत नाही, आमच्यातल्या तिघी तशाच चालवतात. पण पदर कमरेला घट्ट खोचून, पिनेने अडकवून. ओढणी गळ्यात सोडायची नाही, ती मागच्या चाकात गेली तर गळ्यालाच फास बसतो. मोटारसायकलवर बसत असाल तर मागच्या चाकाला जाळी आहे का बघा. मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला पट्टी आणि चाकावर संरक्षण असायलाच हवं, तसा नियम आहे. कित्येक पोरं दिसायला बरं म्हणून ती जाळी काढून टाकतात. आणि शक्य असेल तर मागे दोन्हीकडे पाय टाकून बसा. यावर आमच्याकडे मोठं भांडण झालं होतं. एका बाजूला बसलं की सगळा भार एकीकडे जातो आणि वळणावर चालवणारीचा तोल ओढला जातो, हे करून दाखवल्यावरच मिटलं.

घाटाबद्दल थोडं. सगळ्यांना पाचगणी हवी होती. पसरणी घाटाने चढायला काही नाही, उतरायला आहे. गिअरची मोटारसायकल उतारावर खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला धरून ठेवतं. स्कूटीचं इंजिन तेवढं धरत नाही, सगळं काम ब्रेकवर येतं. सारखा दाबून ठेवला की ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक दाबूनही लागत नाही. म्हणून थोडा दाबायचा, सोडायचा, मध्ये रुंद जागा बघून थांबायचं, थंड होऊ द्यायचं. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी बंद करून सोडणारे लोक आपण रोज बघतो. ते करू नका. आम्ही सहा महिने सपाटीला फिरलो आणि मगच घाट चढलो.

कागदपत्रांचं एकच सांगतो. लायसन्स नसेल तर नुसतं "गावातच तर चालवते" म्हणून चालत नाही. अपघात झाला तर विम्याचं प्रकरण तिथेच अडकतं. शिकाऊ लायसन्सचा अर्ज ऑनलाइन होतो, ते सहा महिने चालतं, आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागतो तेव्हा चार-पाचजणी मिळून जा.

आणि लघवीचा प्रश्न. बायका पाणी न पिता फिरतात ते याचसाठी, मग डोकं दुखतं, चक्कर येते आणि तशीच गाडी चालवतात. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट द्यायचं असतं, हा आपला हक्क आहे. एका पंपावर आम्हाला "चावी मालकाकडे" असं सांगितलं. आम्ही नऊजणी तिथेच हेल्मेट काढून कट्ट्यावर बसलो. दहा मिनिटांत चावी सापडली.

आता सासूबाईंचा विषय. पडलेल्या मैत्रिणीच्या घरी सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, "आता पुरे." तिने वाद घातला नाही. पुढच्या वेळी तिने सासूबाईंनाच मागे बसवलं. वय पासष्ट, आयुष्यात स्कूटीवर पहिल्यांदा. त्या वेळी आम्ही लिंबला गेलो होतो, साताऱ्याच्या अलीकडे, बारा मोटेची विहीर बघायला. महामार्गावरून जावं लागतं, म्हणून सकाळी सातलाच निघालो आणि डाव्या कडेने, जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे त्यानेच गेलो. विहिरीत दगडी जिना उतरतो, आत चक्क महाल आहे, आणि वर एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. आमराईला पाणी द्यायला बांधलेली. भिंतीवरच्या शिलालेखात बांधणारीचं नाव आहे, विरूबाई भोसले. काम १७१९ ते १७२४, म्हणजे पाच वर्षं चाललं.

आम्ही नाव वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "बाईनं बांधली?" मग त्या मोटेच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या माहेरी मोट होती. त्यांनी सांगितलं, बैल धावेवरून उताराला चालले की मोट भरून वर येते, आणि बैल मागे सरले की रिकामी होऊन खाली जाते. मागे सरायला बैल शिकवावा लागतो, ते सगळ्यात अवघड. लहानपणी त्या वडिलांच्या मागे नाड्यावर बसून खाली-वर झुलायच्या. आमच्यातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. सुनेलाही नाही, आणि ती बारा वर्षं त्या घरात आहे.

घरी गेल्यावर सासऱ्यांनी विचारलं, कसं होतं? त्या म्हणाल्या, "हिला सांगा, वळणावर सावकाश घेत जा म्हणावं." बंदीचा विषय त्या घरात परत निघाला नाही.

सगळीकडे असं होत नाही. आमच्यातली एक अजून येत नाही. तिच्या घरी गाडी आहे, लायसन्स आहे, चावी मात्र नवऱ्याच्या खिशात असते. आम्ही भांडायला गेलो नाही, तिनेच नको म्हटलं. दर वेळी तिच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवतो, ती गोठ्यातून हात करते. तिच्या नावाची मागची सीट आम्ही कुणाला देत नाही.

पावसाळा संपत आला की कासचं पठार फुलतं. साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटर, रस्ता चढाचा आणि फुलांच्या दिवसांत गर्दीचा, त्यामुळे आम्ही रविवार सोडून मधला वार धरणार आहोत. फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करावी लागते. टायरची हवा आदल्या दिवशीच बघून घ्यायची, दोघी बसणार असल्या तर मागच्या चाकात जास्त लागते, किती ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. सासूबाई म्हणाल्यात, त्यांना पुढच्या गाडीवर बसायचंय.