पेटीत पिंगळा आला, पण मदत झाली का?

संशोधनासाठी विषय शोधताना पक्ष्यांची आवड असलेले बरेच जण एका प्रस्तावापाशी येतात: शहरातल्या बागेत घुबडांसाठी घरट्याच्या पेट्या लावायच्या, किती पेट्यांत घुबडं आली ते मोजायचं आणि निष्कर्ष लिहायचा की संवर्धन यशस्वी झालं. विषय उत्तम आहे. हेतूही चांगला आहे. अडचण एवढीच, की या अभ्यासातून घुबडांना मदत झाली की नाही हे कळतच नाही.

पेटीत पिंगळ्याची जोडी दिसली, तर त्यांनी पेटी वापरली एवढंच सिद्ध होतं. ती जोडी आधी शेजारच्या आंब्याच्या ढोलीत राहत असेल तर? मग घुबडं वाढली नाहीत, त्यांनी फक्त पत्ता बदलला. म्हणून पेटीच्या आधी प्रश्न ठरवायला हवा.

कमी कशाची आहे?

पोळ्यांना कणीक कमी पडत असेल, तर दुसरा तवा आणून पोळ्या वाढत नाहीत. सजीवांचंही तसंच असतं. त्यांची संख्या ज्या गोष्टीमुळे अडते, तिला आपण मर्यादा घालणारा घटक म्हणतो. घुबडांच्या बाबतीत हा घटक घरट्याची जागा असू शकतो, अन्न असू शकतं किंवा मरणाचं प्रमाण असू शकतं. पेटी यातल्या फक्त पहिल्यावर उपाय आहे.

शिवाय 'घुबड' म्हणजे एकच पक्षी नाही. आपल्या शहरांत बहुतेक वेळा दोन भेटतात. पिंगळा साधारण साळुंकीएवढाच असतो. झाडाच्या किंवा भिंतीच्या पोकळीत घरटं करतो आणि मुख्यतः किड्यांवर जगतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे टिपताना तुम्ही त्याला पाहिलंही असेल. गव्हाणी घुबड मोठं. ते जुन्या इमारतींच्या माळ्यांत, पडक्या जागांत राहतं आणि मुख्यतः उंदीर-घुशी खातं. म्हणजे एकाच बागेत या दोघांना लागणारी मदत वेगळी. तुमच्या प्रश्नात नुसतं 'घुबड' असेल, तर प्रश्न अजून कच्चा आहे.

ढोलीचं बघा. घुबड स्वतः झाड कोरत नाही. कुजलेल्या फांदीमुळे तयार झालेल्या किंवा दुसऱ्या कोणी कोरलेल्या पोकळीवर ते अवलंबून असतं, आणि त्याच पोकळीवर पोपट आणि साळुंक्याही डोळा ठेवून असतात. बागेत पावसाळ्याआधी वाळक्या फांद्या उतरवतात. खालून माणसं चालतात, त्यामुळे ते चूक म्हणता येत नाही. पण झाड राहतं आणि ढोली जाते. अशा बागेत पेटीचा उपयोग होऊ शकतो. जिथे जुनी, पोकळ झाडं भरपूर आहेत, तिथे कदाचित काहीच फरक पडणार नाही.

मरणाचं कारण बागेतच असेल तर?

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली दोन घुबडं जगभर गाजली. 'बॅरी' नावाची बार्ड आऊल ऑगस्ट 2021 मध्ये पार्कच्या देखभालीच्या गाडीवर आदळून मेली. शवविच्छेदनात तिच्या शरीरात ब्रोमाडायोलोन हे उंदरांचं विष जीवघेण्या ठरू शकणाऱ्या प्रमाणात सापडलं. 'फ्लाको' हे युरेशियन ईगल आऊल फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडलं आणि वर्षभर शहरात जगलं. फेब्रुवारी 2024 मध्ये एका इमारतीजवळ ते कोसळलेलं सापडलं. त्याच्या शरीरात उंदरांची चार प्रकारची विषं आणि कबुतरांकडून आलेला हर्पीसविषाणू मिळाला.

हे विष काम कसं करतं? रक्त गोठण्यासाठी शरीर 'के' जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरतं. ब्रोमाडायोलोन ते चक्र थांबवतं. पण उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस लागतात. त्या दिवसांत तो सुस्त होतो, उघड्यावर येतो आणि घुबडाला सहज सापडतो. हे विष यकृतात दीर्घकाळ टिकतं, त्यामुळे प्रत्येक उंदरासोबत घुबडाच्या शरीरात थोडं थोडं साठत जातं.

हेच ब्रोमाडायोलोन भारतातही उंदरांसाठी विकलं जातं. आता विचार करा: बागेच्या कडेला विषाच्या वड्या आहेत आणि त्याच बागेत आपण गव्हाणी घुबडासाठी पेटी लावली. पेटी भरेल. फोटो छान येतील. आणि आपण घुबडांना मरणाच्या जवळ बोलावलेलं असेल. अशा जागेला पर्यावरणीय सापळा म्हणतात. दिसायला चांगली, राहायला घातक. हंगेरीत चर्चच्या मनोऱ्यांत आणि बाहेर लावलेल्या पेट्यांत वाढलेल्या गव्हाणी घुबडांची तुलना करून 2007 मध्ये संशोधकांनी हाच इशारा दिला होता, की बाहेरच्या पेट्या पिल्लांच्या पुढच्या जगण्याला मारक ठरू शकतात. किती पेट्या भरल्या या आकड्यात हे कधीच दिसलं नसतं.

मग अभ्यास कसा रचायचा?

पहिलं, पेटी लावण्याआधीची मोजणी हवी. पिंगळ्याचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो, म्हणजे निदान एक हंगाम नुसतं मोजायचं.

दुसरं, तुलनेसाठी तशाच बागा हव्यात, जिथे पेट्या लावलेल्या नाहीत. नाहीतर चांगल्या पावसाच्या वर्षी वाढलेल्या किड्यांचं श्रेय पेटीला जाईल.

तिसरं, एकाच फेरीवर विसंबू नका. बागेत पिंगळा असूनही एका फेरीत तो दिसण्याची शक्यता 0.5 धरली, तर तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता 0.5 × 0.5 × 0.5 = 0.125 येते. म्हणजे घुबड असलेल्या दर आठ बागांपैकी एक बाग तुमच्या वहीत 'रिकामी' म्हणून लागेल. म्हणून प्रत्येक फेरीची नोंद वेगळी ठेवा, 'दिसलं नाही' हीसुद्धा नोंदच आहे.

चौथं, मोजायचं काय ते बदला. भरलेल्या पेट्यांपेक्षा उडालेली पिल्लं, आणि जमलं तर पुढच्या हंगामात टिकलेल्या जोड्या, हे जास्त सांगतात. घुबडाने ओकलेल्या गोळ्यांतले हाडांचे आणि किड्यांचे अवशेष पाहून पक्ष्याला हात न लावता आहार कळतो. घुबडांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पक्षी किंवा घरटं हाताळायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्या.

हातात एकच वर्ष असेल, तर पेट्या बाजूला ठेवा. वीस बागा निवडा, प्रत्येकीतल्या ढोल्या मोजा, विष कुठे ठेवतात ते माळीकाकांना विचारा आणि घुबडांच्या उपस्थितीशी ताडून पाहा. यातून कारण सिद्ध होणार नाही, पण कुठल्या बागेत पेटी लावणं योग्य आणि कुठे आधी विष थांबवायला हवं, याचा अंदाज नक्की येईल. पुढे पेट्या लावणाऱ्याला तो अंदाज लागणारच आहे.