बिल्ल्याला निकाल ठाऊक नसतो

इतिहासाच्या पुस्तकांची एक अडचण असते. ती लिहिणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. कोण जिंकले, कोण आपटले, कोणती घोषणा खरी ठरली आणि कोणती हवेत विरली, हे सगळे कळल्यावर तो लिहायला बसतो. त्यामुळे हरलेला उमेदवार त्याच्या लेखणीतून उतरतो तोच मुळी हरायला निघाल्यासारखा. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत सदऱ्याला टोचलेल्या पत्र्याच्या बिल्ल्याचे तसे नसते. त्याला निकाल ठाऊक नसतो. ज्या दिवशी तो छातीवर लागला, त्या दिवसाची आशा, चीड, टिंगल आणि भीती तो जशीच्या तशी धरून ठेवतो. गेली पंचवीस-तीस वर्षे मी असले बिल्ले जमवतो आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात कुलुपे, नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळे यांच्या ढिगात ते सापडतात. काही परदेशी गेलेल्या भाच्या-पुतण्यांनी आणून दिले. 'या भंगारात काय ठेवले आहे?' असे मला वारंवार विचारले जाते. त्या प्रश्नाचे हे उत्तर.

छातीवर राजकारण मिरवण्याची हौस अमेरिकेत जुनी आहे. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा चाहत्यांनी त्यांच्या आद्याक्षरांच्या धातूच्या गुंड्या कोटाला शिवून घेतल्या होत्या. १८६०मध्ये अब्राहम लिंकन उभे राहिले तोवर छायाचित्रण आले होते. पत्र्यावर उमटवलेले त्यांचे चिमुकले छायाचित्र लोक कोटाला अडकवू लागले. पण बिल्ला खऱ्या अर्थाने सर्वांचा झाला तो १८९६ साली. न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क गावी व्हाइटहेड अँड होग नावाची कंपनी होती. तिची कृती सोपी होती. कागदावर चित्र छापायचे, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा ठेवायचा, दोन्ही पत्र्याच्या चकतीवर ताणून मागून कड्याने घट्ट दाबायचे आणि त्या कड्यात वाकवलेल्या तारेची टाचणी अडकवायची. मागच्या पोकळीत पेटंटच्या तारखा छापलेला कागद असे. जाणकार संग्राहक बिल्ला हाती आला की आधी उलटा करून पाहतो, तो त्या कागदासाठी. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास थेट पत्र्यावर छपाई होऊ लागली आणि बिल्ला आणखी स्वस्त झाला. इतका स्वस्त, की कोणालाही काहीही म्हणायचे असेल तर ते छातीवर लावून म्हणता येऊ लागले.

त्या १८९६च्या निवडणुकीचा विषय होता चलन. आपल्याला वाटेल, चलनासारखा रुक्ष विषय कोण छातीवर लावील? पण लोकांनी लावला. डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन म्हणत होते की, सोन्याबरोबर चांदीचीही नाणी सोळास एक या प्रमाणात मुक्तपणे पाडा. पैसा वाढेल, शेतमालाला भाव येईल आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला श्वास घेता येईल. रिपब्लिकन विल्यम मॅकिन्ली सोन्याच्या बाजूचे. बिल्ल्यांवर नुसतेच '१६ : १' असे लिहिलेले सापडते, आणि ते कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. सोन्याच्या समर्थकांनी सोनेरी किड्याच्या आकाराच्या पिना कोटावर मिरवल्या. ब्रायन हरले. १९०० साली पुन्हा हरले, १९०८मध्ये तिसऱ्यांदा हरले. पुस्तकात त्यांना एखादा परिच्छेद मिळतो. बिल्ल्यांच्या पेटीत मात्र ते मॅकिन्लींच्या खांद्याला खांदा लावून बसलेले असतात. १९००चा मॅकिन्लींचा एक बिल्ला तर मला फार आवडतो. त्यावर विचारले आहे, 'आपण धूर काढता का?' उत्तर, 'होय, १८९६पासून.' चित्र आहे गिरणीच्या धुरांड्याचे! धूर म्हणजे रोजगार, धूर म्हणजे भरभराट, असे मानणारा तो काळ. प्रदूषणाने गांजलेल्या आजच्या वाचकाला त्या काळाचे मन याहून थोडक्यात कोण सांगेल?

बिल्ल्यावर केवळ पुढारीच आले असे नाही. त्याच १८९६ साली 'यलो किड' हा रिचर्ड आउटकॉल्टच्या व्यंगचित्रातला, पायघोळ पिवळा अंगरखा घातलेला टकलू पोरगा बिल्ल्यावर आला. आणला कोणी, तर एका सिगारेट कंपनीने! शंभरावर निरनिराळे बिल्ले तिने काढले. १९६३मध्ये हार्वी बॉल या चित्रकाराने एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा हिरमोड घालवण्यासाठी पिवळा हसरा चेहरा काढून दिला. मोबदला मिळाला ४५ डॉलर. दहा वर्षांच्या आत त्या चेहऱ्याचे कोट्यवधी बिल्ले खपले. आज आपल्या मोबाइलवर जो पिवळा गोल हसतो, त्याचा हा थोरला भाऊ. बाजार, करमणूक आणि राजकारण यांच्यात भिंत नसते, हे बिल्ल्यांनी फार आधी ओळखले होते.

बिल्ला नेहमीच निरागस असतो, असे मात्र समजू नये. ऑक्टोबर १९०१मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले. दक्षिणेकडे गहजब झाला. थोड्याच काळात एक बिल्ला निघाला. टेबलाशी बसलेले हे दोघे आणि खाली एकच शब्द, 'समता'. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तो अभिमानाने लावला गेला. आणि त्याच चित्राने विरोधकांनी गोऱ्या मतदारांना 'पाहा, काय वाढून ठेवले आहे' असे भयही घातले. चित्र तेच, शब्द तोच, पण अर्थ कोणाच्या छातीवर आहे त्यावर ठरणार. आपल्याकडच्या घोषणांचा अनुभव असलेल्या वाचकाला हे अवघड वाटू नये.

संग्राहकांच्या बाजारात सर्वांत भाव असतो तो हरलेल्यांना. १९२० साली डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स कॉक्स अध्यक्षपदासाठी उभे होते आणि त्यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी तरुण फ्रँकलिन रूझवेल्ट. पक्षाकडे पैसा कमी, त्यामुळे दोघांची छायाचित्रे असलेले बिल्ले थोडेच निघाले. २०२२ साली त्यांतल्या एकाला लिलावात एक लाख डॉलरच्या वर किंमत आली. भाव चढले की नकलाही येतात. म्हणून तर राजकीय वस्तूंच्या नकलांवर तसा शिक्का मारलाच पाहिजे, असा कायदा अमेरिकेने १९७३मध्ये केला. पण मला विचाराल तर खरी किंमत आहे ती २८ ऑगस्ट १९६३च्या बिल्ल्याला. एक काळा आणि एक पांढरा हात एकमेकांत गुंफलेला, भोवती 'रोजगार आणि स्वातंत्र्य यांसाठी वॉशिंग्टनवर मोर्चा' ही अक्षरे. २५ सेंटला तो विकला जात असे आणि त्यातून मोर्चाचा खर्च उभा राहिला. मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण जगाने ऐकले. पण ते ऐकायला अडीच लाख माणसे जमली त्यामागे ही पाव डॉलरची वर्गणीही होती.

वर्गणी देऊन लावलेला बिल्ला आणि भीतीने लावलेला बिल्ला यांत फरक आहे. चीनमध्ये १९६६पासून सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माओंच्या मुखवट्याचे बिल्ले अब्जावधींनी निघाले. ॲल्युमिनियमचे, चिनी मातीचे, प्लॅस्टिकचे, बांबूचेसुद्धा. तो न लावणे धोक्याचे होते. १९६९मध्ये खुद्द माओंनाच म्हणावे लागले की, विमानांचे ॲल्युमिनियम परत द्या! याच्या अगदी उलट पोलंड. डिसेंबर १९८१मध्ये तिथे लष्करी कायदा आला, 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेची चिन्हे लावणे गुन्हा ठरले. मग लोकांनी रेडिओतला तारांच्या दोन शेपट्यांचा रोधक काढून कॉलरला टोचला. त्याचे पोलिश नाव 'प्रतिकार' या शब्दाला लागून आहे. जाणणाऱ्याने जाणावे! सरकारला भीती वाटते ती पत्र्याची नव्हे, तो उघडपणे लावणाऱ्या छातीची.

हे मी लहानपणी घरातच पाहिले. १९७७ची निवडणूक, मी दहा वर्षांचा. जीप आली की आम्ही पोरे धुळीतून मागे धावायचो. पक्षाशी कोणाला कर्तव्य होते? माझ्या सदऱ्यावर एका बाजूला गायवासरू आणि दुसऱ्या बाजूला नांगरधारी शेतकरी. वडील शाळामास्तर. त्यांनी पाहिले मात्र, दार लोटले आणि हलक्या आवाजात म्हणाले, 'काढ ते आधी. दोन्ही.' आणीबाणीची भीती घरांतून अजून गेली नव्हती. त्या वर्षीच्या राजकारणावर मी पुढे पुष्कळ वाचले. पण 'दोन्ही' या शब्दात जे होते ते कुठे वाचायला मिळाले नाही.

आपल्या बिल्ल्यांची घडणही वेगळी. अमेरिकेचा बिल्ला चेहरा आणि शब्द यांवर चालतो. आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून चिन्हे आली. बैलजोडी, झोपडी, पणती, हत्ती. आपला बिल्ला म्हणजे मतपत्रिकेची उजळणीच. आणि तो कालगणनाही सांगतो. १९६९मध्ये काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली गेली, १९७१ला गायवासरू आले, १९७८ला हात. तेव्हा बैलजोडीचा बिल्ला सापडला की तो फुटीच्या आधीचा, हे डोळे मिटून सांगावे. नव्वदच्या दशकात शेषन यांनी खर्चाला लगाम घातला, भिंती स्वच्छ झाल्या. ते बरेच झाले, पण बिल्लेही ओसरले. आता प्रचार मोबाइलवर येतो आणि बोटाच्या एका स्पर्शाने पुसला जातो. बिल्ला अजून जोमात आहे तो ६ डिसेंबरला दादरला. चैत्यभूमीवर आलेला माणूस पुस्तकांबरोबर बाबासाहेबांचा बिल्ला स्वतःच्या पैशाने विकत घेतो आणि ताठ मानेने लावतो. तो मत मागत नाही, आपली ओळख सांगतो.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाचे अभ्यासक दर चार वर्षांनी पक्षांच्या अधिवेशनांना जातात आणि गर्दीतून बिल्ले, टोप्या, फलक मागून आणतात; जिंकणाऱ्यांचे आणि हरणाऱ्यांचेही. आपल्याकडे काय होते? सोलापूर जिल्ह्यातल्या एका कार्यकर्त्याने पन्नास वर्षे पक्षाचे काम केले. पक्ष तालुक्यात एकदाही जिंकला नाही. ते गेल्याचे कळल्यावर मी महिन्याभराने घरी गेलो. सूनबाईंनी चहा दिला आणि सांगितले, 'मामंजींचे ते डबे होय? परवाच भंगारवाल्याला दिले. दोन किलो भरले पत्रा.' त्यांचा काय दोष? हे जपायचे असते, असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या माणसाच्या पन्नास वर्षांचा दुसरा कागद कुठेच नाही.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत आजोबांची ट्रंक उघडली आणि तळाशी असा एखादा बिल्ला हाती लागला, तर तो टाकू नका. घासूनपुसून लखलखीत करू नका. पाण्याने आतला कागद डागाळतो. कोरड्या डबीत ठेवा आणि सोबत चिठ्ठी लिहा, हा कोणी लावला, कुठे, कोणत्या साली. ठेवायचा नसेल तर गावच्या वाचनालयाला द्या. बिल्ला बोलतो हे खरे, पण तो कोणाच्या छातीवर होता हे त्याला सांगता येत नाही. ते आपणच सांगायला हवे, आणि सांगणारी माणसे आहेत तोवरच.