धांदरट की आजारी?

वर्गात वारंवार ठेचकाळणाऱ्या मुलाला 'धांदरट' म्हणून आपण मोकळे होतो. पण तोल सांभाळणे हे सोपे काम नाही. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका डोके कसे फिरते ते सांगतात, डोळे भोवतालची खबर देतात, तळपाय व घोटे जमिनीची. मेंदू या तिन्हींचा मेळ घालतो.

यातील एक खबर बंद करून पाहता येते. मुलाला पाय जुळवून उभे करावे आणि डोळे मिटायला सांगावे. आपले हात मात्र जवळ हवेत. थोडी डुलतात सगळीच मुले. पण डोळे उघडे असताना स्थिर असणारे मूल ते मिटताच कलंडू लागले, तर ते नजरेच्या आधाराने उभे होते असे समजावे. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रोम्बर्ग यांनी हे लक्षण वर्णिले.

दुसरी चाचणी १९९१ साली वृद्धांसाठी सुचवली गेली, पुढे मुलांनाही लावली गेली. खुर्चीतून उठायचे, ३ मीटर चालून वळायचे, परत येऊन बसायचे, पळायचे नाही. उपनगरातल्या बिनमैदानाच्या शाळेतही एवढा व्हरांडा असतोच. लहान निरोगी मुलांना सुमारे ६ सेकंद लागतात. आमच्या मते आकड्याहून वळताना होणारी गडबड अधिक बोलकी असते.

सर्वांत मोलाची पाहणी घड्याळाशिवाय होते. खिचडी खाऊन मुले जमिनीवरून उठतात, तेव्हा नीट पाहावे. एखादा मुलगा आधी ओणवा होतो, मग गुडघे, मांड्या यांवर हात टेकत जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहतो का? गॉवर्स यांनी १८७९ मध्ये वर्णिलेली ही खूण कंबर-मांड्यांचे स्नायू दुबळे असल्याचे सांगते. ड्यूशेन स्नायुविकारात ती तीन ते पाच वर्षांच्या सुमारास दिसू लागते. हा विकार बहुतेक मुलग्यांनाच होतो. त्यांच्या पोटऱ्या भरदार दिसतात, म्हणून 'आळशी आहे' असा शेरा मिळतो आणि कवायतीत जादा फेऱ्या. अतिश्रमाने हे स्नायू आणखी झिजतात! निदान लवकर झाले तर औषधांनी चालणे काही वर्षे अधिक टिकते.

निदान करणे शिक्षकाचे काम नव्हे. चिठ्ठी लिहून डॉक्टरांकडे पाठवणे आहे. हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अंधेरी-बोरिवलीहून महालक्ष्मीला उतरावे, मुलुंड-घाटकोपरहून दादरला गाडी बदलावी. चिठ्ठीत तारीख, सेकंद आणि मूल जमिनीवरून कसे उठले ते लिहावे. पालकांना आणखी एक विचारून घ्यावे : स्टेशनचा पूल चढताना ते पायऱ्यांवर पाय आळीपाळीने टाकते, की कठड्याला धरून स्वतःला वर ओढते?