उन्हात गाईचं दूध का घटतं? पेशीतले राखणदार आणि ताणाचं हार्मोन

आटपाडी : माण-खटाव असो की जत-आटपाडी, मार्च उजाडला की गोठ्यात एकच रड. संकरित एचएफ गाय दुपारी जीभ काढून धापते आणि दूध लिटरानं उतरतं. शेजारची खिलार मात्र निवांत रवंथ करते. खिलार याच माणदेशी उन्हात घडलेली, तिला घामही बरा सुटतो. एचएफ दूध जास्त देते म्हणून तिच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते. हे झालं वरवरचं. आत पेशीतही बरंच चालू असतं.

गाईचं अंग साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असतं. ते वर चढलं की पेशीतल्या प्रथिनांची घडी विस्कटते. ती पुन्हा बसवायला पेशी खास प्रथिनं तयार करते, त्यांना ‘हीट शॉक प्रोटीन’ म्हणतात. १९६२ मध्ये इटलीच्या रितोसा या शास्त्रज्ञानं फळमाशीत याचा पहिला माग काढला. सहकाऱ्यानं चुकून उबवणपेटीचं तापमान वाढवलं होतं, त्यातून हे कळलं!

आता हार्मोनचं. ताण आला की मेंदू इशारा करतो आणि मूत्रपिंडावरची ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते. रक्तात साखर वाढते, माजाचं चक्र मागं पडतं. पण कॉर्टिसॉल नुसतं सुटून उपयोग नाही, पेशीनं ते पकडलं पाहिजे. मळणीला एकजण पोत्याचं तोंड धरतो, दुसरा धान्य ओततो, तसंच हे. कॉर्टिसॉल पकडणाऱ्या प्रथिनाचं तोंड उघडं धरायचं काम ‘हीट शॉक प्रोटीन ९०’ करतं. ते नसेल तर हार्मोन असूनही पेशीला निरोप पोचत नाही. गंमत म्हणजे कॉर्टिसॉलचं काम सुरू झालं की पेशी ‘एफकेबीपी ५१’ नावाचं आणखी एक प्रथिन वाढवते. ते येऊन पोत्याचं तोंड आवळतं, म्हणजे हा ब्रेकच झाला. माणसातही हीच व्यवस्था आहे.

एकदम आलेल्या उन्हात कॉर्टिसॉल चढतं. ऊन आठवडेच्या आठवडे टिकलं तर ते बहुधा खाली येतं, कारण शरीराला उष्णता कमी करायची असते. दूध मात्र कमीच राहतं, गाय वैरण कमी खाते म्हणूनही.

यातलं कामाचं एवढंच, की हळूहळू तापलेली पेशी राखणदार प्रथिनं आधीच साठवते, अचानक तापलेली पेशी कोलमडते. त्यामुळं पाटण-जावळीच्या गारव्यातली गाय एप्रिलात जतला आणू नका, थंडीतच आणा. पत्र्यावर पाचट टाका, पाणी चोवीस तास ठेवा, जास्तीची वैरण संध्याकाळनंतर घाला. अंगावर पाणी मारलं तर वारंही पाहिजे, नाहीतर बंद गोठ्यात नुसता दमटपणा वाढतो. उद्या कुणी हीट शॉक प्रोटीनची पावडर विकायला आला तर घेऊ नका. खाण्यातून गेलेलं प्रथिन पोटातच पचतं, ही राखणदार प्रथिनं पेशीला स्वतःच बनवावी लागतात. गाय तोंड उघडून लाळ गाळत असेल, उठत नसेल, तर सावलीत घेऊन गार पाणी मारा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.